विचारलं होतं

ऊन नव्हतं हो ताई, ऊन कुठलं — थंडी होती त्या दिवशी. तुम्ही आत्ता वाचून दाखवलंत ना, 'रणरणत्या उन्हात कामगार राबत होते' — ते आधी काढा. उत्तरायणचा दिवस होता, आपली संक्रांत. सुरतेला थंडी ती किती, पण त्या साली पडली होती. सकाळी खाडीवरनं धुकं यायचं आणि दहा-दहा वाजेपर्यंत पांडेसरातनं हलायचं नाही. आभाळ पांढरंफटक, वारा पडलेला — धाब्यावर चढलेली माणसं पतंग हातात धरून नुसती बसून होती. ऊन असतं तर बरं झालं असतं. उन्हात वाफ विरून जाते. थंडीत ती बसते, अंगावर बसते, चार पावलांवरचा माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो. म्हणून म्हणतो, थंडी लिहा. लहान गोष्ट वाटेल तुम्हाला, पण — लहान नाही ती.

टेका ना, खुर्ची हलते जरा पण पडत नाही. कविता चहा आणतेय, सून माझी. ते मोबाइलचं चालू आहे का तुमचं? असू द्या, चालू असू द्या. मी काही शाळेत गेलेलो नाही, तेजस्विनीताई. कागदावर काय आहे ते कोणी वाचून दाखवेल तेवढंच मला कळतं, आणि आजवर ज्यानं जे वाचून दाखवलं त्यावर मी अंगठा दिला. हा तुमचा कागदही चांगला आहे, अक्षर सुंदर असणार तुमचं, बँकेतल्या माणसाची लेक तुम्ही. खासदार भिकनभाईंचं पुस्तक निघतंय, त्यात एक पान काशिनाथचं — केवढा मान आहे. दोनदा दिल्लीला गेलेला माणूस, आणि त्याच्या पुस्तकात मी, चहा देणारा. नाही, मान आहेच. फक्त ऊन काढा. आणि — ते पुढचं एक वाक्य आहे ना, ते परत वाचता का? 'टाकीत माणसं आहेत की नाहीत एवढंही न विचारता...' हां. बस. कळलं.

हे वाक्य मला पाठ आहे. मी किती वेळा ऐकलंय ते सांगू? नाही सांगता यायचं. भिकन पहिल्यांदा युनियनला उभा राहिला तेव्हा पांडेसराच्या चौकात खोक्यावर चढून बोलला, तेव्हा ऐकलं. नगरसेवकाला उभा राहिला तेव्हा गल्लीगल्लीत ऐकलं. मग आमदारकीला पडला, तेव्हाही ऐकलं, पडला तरी भाषण तेच. मग खासदारकी — तेव्हा तर मैदानं भरायची, गुजराती, खानदेशी, उडिया, यूपीवाले, सगळे. आणि भिकन बोलता बोलता थांबायचा, पाणी प्यायचा आणि म्हणायचा, 'माझा सख्खा थोरला भाऊ निंबा त्या टाकीत होता. विचारलंसुद्धा नाही. हा बघा, हा काशिनाथ तिथं होता. विचारा याला.' आणि सगळं मैदान माझ्याकडं बघायचं. मी पहिल्या रांगेत — मला पहिल्या रांगेतच बसवायचे, पांढरा सदरा भिकनच्या बायकोनं शिवून घेतलेला. मी काय करायचं? मान हलवायची. एवढंच. बोलायचं काही नाही. लोक म्हणायचे काशिनाथकाकाची नोकरी बरी, वर्षात चार दिवस मान हलवायची आणि बाकी वर्ष ऑफिसात चहा द्यायचा. हसायचे. मीपण हसायचो. खरंच होतं ते.

टाकी कशी होती ते तुम्हाला सांगतो, कारण तुमच्या कागदात ती विहिरीसारखी झालीय. जमिनीत पुरलेली होती, वरून दिसायचं नाही काही, एक तोंड तेवढं — एक माणूस अंग चोरून जाईल एवढं. बॉयलरकडनं येणारं उकळतं पाणी त्यात पडायचं आणि तिथनं कपडा रंगवायच्या मशीनला जायचं. तळाशी गाळ बसतो. तो वर्षातनं एकदा काढायचा, आणि मिल बंद असल्याशिवाय काढता येत नाही, म्हणून उत्तरायण. आत निंबा आणि एक उडिया, पूर्णचंद्र नाव त्याचं. ते बादली भरायचे, मी तोंडाशी बसून दोरीनं ओढायचो. मला सुरतेत येऊन दोन महिने झाले होते. अठ्ठावीस वर्षांचा होतो, गावाकडं लग्न झालेलं, पोटाला काही नाही म्हणून निंबानंच आणलं मला — आमची घरं एका भिंतीची, धुळ्याकडं, निंबा, भिकन आणि मी एका नाल्यात पोहायला शिकलो. बॉयलर भिंतीच्या पलीकडं, चाळीस पावलं असेल. दुपारी चारला मिल सुरू करायची म्हणून तो आधीच पेटवलेला. त्याच्यावर ठाकोरभाई. ओलपाडकडचा सुरती माणूस, पान खायचा, भला होता. त्याच्या हाताशी वाल — मोठ्या चक्रीचा नळ हो, तो फिरवला की पाणी टाकीत. वाफ अशी भरलेली की मला भिंतसुद्धा दिसत नव्हती, आणि पंपाचा आवाज, आणि त्या आवाजातनं त्यानं विचारलं तेव्हा मी —

का थांबलात? लिहा ना.

काय म्हणालो मी?

हं. म्हणालो खरा.

कविता, चहा ठेव तिथं आणि दार लोटून घे, बाई. — मोबाइल बंद नका करू. एकदा सांडलं ते सांडलं. मी आज फक्त ऊन काढायला सांगणार होतो, ताई, देवाशपथ. वाटलं, ऊन काढलं की तेवढं तरी खरं होईल त्या पानात.

त्यानं विचारलं. गुजरातीत विचारलं, तो गुजरातीच बोलणार. 'टांकी खाली छे?' तुम्ही इथं जन्मलात, तुम्हाला कळतं त्याचा अर्थ. टाकी रिकामी आहे का. त्यांच्या बोलीत खाली म्हणजे रिकामं. मला काय ठाऊक? आमच्यात खाली म्हणजे खालीच, बुडाशी. आणि त्या आवाजात मला पहिला शब्द ऐकूच आला नाही नीट. मला ऐकू आलं — 'खाली छे?' मी म्हटलं, विचारतोय, माणसं खाली आहेत का. चांगला माणूस आहे, चौकशी करतोय. आणि मी ओरडलो —

आता ऐका, हे ऐका. मी जर नुसता आपल्या मराठीत ओरडलो असतो, 'हो, खाली आहेत, दोघं आहेत' — तर तो थांबला असता. त्याला वाटलं असतं हा काय बोलतोय, तो चाळीस पावलं चालून आला असता. पण मला दोन महिन्यांत दहा-बारा शब्द आले होते गुजराती. चहाच्या टपरीवर बोलायचो, लोक म्हणायचे वा, शिकला. मला त्याचा रुबाब. मी मोठ्यानं, सुरात, अगदी त्यांच्यासारखं ओरडलो — 'हा, खाली छे.'

तो 'छे' माझा. तो कोणी मागितला नव्हता माझ्याकडं.

आतनं निंबानं विचारलं, कोण रे? मी म्हटलं, बॉयलरवाला, तुमची चौकशी करतोय. तो म्हणाला, चौकशी काय करतो, चहा पाठव म्हणावं. पूर्णचंद्र हसला. मग पाणी आलं. माझ्या हातातल्या दोरीला एक हिसका बसला, मग दोरी सैल झाली. याच्यापुढचं तुमच्या कागदात बरोबर आहे, ते तसंच राहू द्या.

चहा घ्या, साय धरेल.

भिकन दुसऱ्या मिलमध्ये होता, त्याला निरोप गेला. सिव्हिलच्या आवारात कडुनिंबाच्या पाराला टेकून मी बसलेलो, तो आत भावाला बघून आला आणि माझ्याशेजारी बसला. रडला नाही. मी त्याला सगळं सांगितलं, जसं तुम्हाला सांगतोय तसंच, 'छे' सकट. वाटलं मारेल. मारावं असं वाटत होतं.  मग त्यानं विचारलं, 'कोनले सांगं?' कोणाला सांगितलंस. मी म्हटलं, कोणालाच नाही. मग तो आमच्या अहिराणीत म्हणाला — 'तुले कोनी इचारंच नही, काशी. इसरी जाय.' तुला कोणी विचारलंच नाही. विसरून जा. आणि उठला, गेटावर मिलचे दोन-अडीचशे कामगार जमले होते, तिथं गेला आणि पहिल्यांदा बोलला. भिकन तोवर चारचौघांत बोलायचा नाही हो. अडखळायचा. त्या दिवशी अडखळला नाही. 'विचारलंसुद्धा नाही' — ते वाक्य तिथं जन्मलं, सिव्हिलच्या गेटावर.

आता तुम्ही म्हणाल, त्यानं तुला वाचवलं. मीपण तेच म्हणतो. कधी म्हणतो. सख्ख्या भावाचा जीव माझ्या एका शब्दानं गेला आणि तो मला म्हणाला विसर — असा माणूस कुठं असतो? मग कधी वाटतं, त्याला त्या घडीला दिसलं का पुढचं? गेट, माणसं, मैदान, दिल्ली? नाही दिसलं, कसं दिसेल, भावाचं तोंड बघून आलेला माणूस. पण मग वाटतं, वाक्य इतकं चोख कसं आलं तोंडातनं? एकेचाळीस वर्षं मी या दोन्हींत जातो आणि येतो. त्याला विचारायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही, हिंमत नव्हती.

केस झाली. कोर्टात ठाकोरभाई एकच गोष्ट सांगायचा — मी विचारलं होतं, वाफेतनं आवाज आला, 'हा, खाली छे.' वकिलानं विचारलं, कोणाचा आवाज? म्हणाला, दिसलं नाही, पण आपल्या गुजराती माणसाचा होता, 'छे' म्हणाला. आणि टाकीपाशी त्या दिवशी गुजराती माणूस एकही नव्हता, ताई. हजेरीत तिघंच — दोन खानदेशी, एक उडिया. मग हा कोणाचा आवाज आणतोस? खोटा पडला. मला उभं केलं. शपथ दिली. विचारलं, याने काही विचारलं का? मी म्हटलं नाही. तुला गुजराती येते का? भिकन मागं बसलेला होता, त्यानं काही सांगितलं नव्हतं, ते माझं मीच म्हटलं — नाही येत साहेब, नवीन आहे. ठाकोरभाई माझ्याकडं बघत होता, पण रागानं नाही, नुसता कान देऊन. जसं रेडिओ लावताना बघतात तसं. दीड वर्षाची सजा झाली त्याला.

आणि तेव्हापासनं मी गुजराती बोललो नाही. हसतात सगळे. भाजीवाली म्हणते काका, चाळीस वरस सुरतमां, ने एक अक्षर नहीं? नातवंडं तर घरात तेच बोलतात, मला चिडवतात, आजोबा म्हणा बघू 'केम छो'. मी नाही म्हणत. कळतं सगळं. तोंडातनं काढत नाही.

एक लिहा पण, हे जरूर लिहा. भिकन नगरसेवक झाल्यावर स्वतः हिंडला, मिल मिल हिंडला. टाकीत माणूस उतरायच्या आधी तोंडावर लाल पाटी, आणि वालच्या चक्रीला कुलूप, आणि किल्ली आत उतरणाऱ्याच्या कमरेला. मालक ऐकेनात, तर त्यांच्या दारात बसला. किती माणसं वाचली असतील, सांगा. किती पोरांचे बाप असतील ते. खोट्यातनं झालं, पण झालं ना? मी हे मनाशी रोज घोळवतो. सगळ्यांचं भलं झालं त्यानं. एक माणूस सोडून.

दिल्लीला मी एकदा गेलो. पहिल्यांदा निवडून आला त्या साली. त्यानं तिकीट पाठवलं, म्हणाला, काशी, पहिलं भाषण आहे, तू पाहिजे. मला वर बसवलं, लोकांनी बघायला बसायचं असतं तिथं. मी पायावर पाय टाकला तर शिपाई आला, खूण केली, पाय घ्या. बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा जपून. मी वरून बघतोय, आणि भिकन खाली, एवढासा दिसतोय, हिरवा गालिचा, गोल गोल बाकं. मी तोंडाशी बसलोय आणि तो खाली आहे — दोरी धरल्यासारखी माझी मूठ झाली आपोआप. हिंदीत बोलला. 'अध्यक्ष महोदय, मेरा भाई उस टंकी में था. किसी ने इतना तक नहीं पूछा, कि टंकी खाली है?' तोच शब्द. तिथं, त्या जागेत, माइकवर.  एक म्हातारे खासदार चष्मा काढून डोळे पुसत होते. भिकननं वर बघितलं. मैदानात बघायचा तसं. आणि मी मान हलवली, ताई. इतक्या उंचावरनं ती त्याला दिसली असेल का, देव जाणे. सवय.

मग तो मला जेवायला घेऊन गेला, तिथं आतच जेवायची सोय असते. पाच-पन्नास लोक येऊन हात मिळवून गेले. शेवटी आम्ही दोघंच उरलो. मी म्हटलं, छान झालं भाषण. तो भाताशी चाळा करत होता. म्हणाला, 'काशी, एक सांग. त्यानं विचारलं तेव्हा निंबा काही बोलला का आतनं?' बघा. वीसेक वर्षं गावोगाव सांगत हिंडला की विचारलं नाही, आणि मला विचारतो, त्यानं विचारलं तेव्हा. मी सांगितलं — म्हणाला, चहा पाठव म्हणावं. भिकननं ताट सरकवलं. हात धुवायला गेला तो अर्ध्या तासानं आला. तेवढंच. त्याच्यानंतर आम्ही त्यावर कधी बोललो नाही. पण मला तेव्हा कळलं की हा माणूस रोज ते भाषण करतो आणि रोज त्या टाकीत उतरतो. मी त्याला दोष नाही देत. तुम्हीपण देऊ नका. पुस्तकात चांगलं लिहा.

आणि मग एकदा ठाकोरभाई ऑफिसात आला.

पर्वत पाटियाच्या पुढं ऑफिस होतं, बाकावर लोक बसायचे अर्ज घेऊन. मी ट्रे घेऊन निघालो आणि बघतो तर हा. पिकलेला, गालफडं बसलेली, पण पान तेच. बायकोच्या ऑपरेशनसाठी साहेबांचं पत्र पाहिजे होतं. ज्याच्यामुळं — जाऊ द्या, गरज असली की माणूस कुठंही येतो. त्यानं मला ओळखलं नाही. तोंड नीट बघितलेलं ते कोर्टात एकदाच, आणि मी कुठं दिसण्यासारखा माणूस. मला विचारलं, 'साहेब छे?'  तोंड ओळखलं नाही, पण आवाज? तो आवाज त्यानं दीड वर्ष भिंतीशी बसून आठवला असणार. मी मान हलवली. विचारलं, केटली वार लागशे, म्हणजे किती वेळ लागेल? मी बोटं दाखवली. टेबलावरचा योगेश, साहेबांचं लिहिण्या-वाचण्याचं करायचा तो, मोठ्यानं म्हणाला, 'काका, तोंडात काय गुळणी धरलीय का? बोला की.' मी हसलो नुसता. ठाकोरभाईनं त्यालाच दटावलं. म्हणाला, रहेवा दे भाई, बिचारो मूंगो छे. मुका आहे बिचारा. आणि माझ्या हातातला कप घेताना दोन्ही हातांनी घेतला.

भिकन बाहेर आला. त्यानं त्याला बघितलं, मला बघितलं.  मग उभ्या उभ्या पत्रावर सही केली, स्वतः फोन लावला डॉक्टरांना, गाडी दिली घरापर्यंत. ठाकोरभाई हात जोडून गेला. आणि भिकन योगेशला म्हणाला, 'हे गृहस्थ परत आले तर जे मागतील ते द्यायचं. मला न विचारता.' म्हणाला आणि त्याच्या त्यालाच ऐकू आलं ते. आत गेला, दार लावून घेतलं. त्या दिवशी कोणाला भेटला नाही.

आता तो गेला. तीन महिने झाले. तुम्ही होतात का शोकसभेला? मोठी झाली. स्टेजवर नवीन नेते, त्यांना तर भिकन नीट माहीतसुद्धा नसेल, पण गोष्ट माहीत होती. म्हणाले, 'विचारलंसुद्धा नाही', आणि कोणीतरी कानात सांगितलं असेल त्यांना — माझ्याकडं हात केला. मैदान वळलं. आणि माझी मान हलली, ताई. मी नाही हलवली. भिकन नव्हता, सांगणारं कोणी नव्हतं, भीती नव्हती, आणि ती हलली. घरी येऊन मी मानेला हात लावून बसलो. म्हटलं, ही आता माझी राहिलेली नाही. आणि मी मेलो तरी ती तुमच्या पुस्तकात हलत राहणार. त्या दिवशी ठरवलं, जाऊन यायचं. ठाकोरभाई असेल तर पायाशी बसायचं आणि त्याच्या बोलीत सांगायचं, मोठ्यानं, म्हणजे आवाज ओळखेल. नसेल तर पोराला सांगायचं की तुझा बाप खोटं बोलला नव्हता. एवढं एक वाक्य. जास्त काही नाही.

योगेशकडनं पत्ता काढला. कोसाडच्या वसाहतीत राहायचा. मागच्या रविवारी गेलो, दोन बस बदलून. बसमध्ये सगळा रस्ता तोंडातल्या तोंडात म्हणत होतो, तमे पूछ्युं हतुं, तमे पूछ्युं हतुं. तुम्ही विचारलं होतं. चाळीस वर्षांनी ती बोली तोंडात घेतली, तर जीभ वळेना, शेजारचा बघायला लागला म्हातारा काय पुटपुटतोय म्हणून. गेलो तर दाराला कुलूप. शेजारी एक बाई मेथी निवडत बसलेली, शोभाबाई, नंदुरबारकडची निघाली, आपलीच. म्हणाली, ठाकोरकाका जाऊन दोन वर्षं झाली, पोरगा वापीला असतो, सणावाराला येतो. मला पाणी दिलं. विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, ओळखीचा. आणि मग, काय झालं कोण जाणे, जे त्याला सांगायचं ते तिलाच सांगितलं. म्हटलं, बाई, मिलची ती गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल — पोरगा आला की त्याला एवढं सांगा, तुझ्या बापानं विचारलं होतं.

तुमचा कागद घ्या, ताई. अंगठा नाही देत. मी नाही म्हणालो असं सांगा तुमच्या पुस्तकाच्या समितीला, कारण विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर राहू द्या. छापायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, तुम्ही शिकलेल्या. ज्याला सांगायचं तो राहिला नाही, आणि त्या बाईनं मला जे ऐकवलं ते ऐकून मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि परतीची बस धरली. पिशवीला चहाचा डाग नको पडायला, तो कप सरकवा. निघा, ऊन चढेल. मेथी निवडायची थांबलीसुद्धा नाही ती शोभाबाई. म्हणाली — "नाही हो काका, कोणी सांगितलं तुम्हाला? आधी आधी म्हणायचे ते तसं, विचारलं होतं, विचारलं होतं. मग टीव्हीवर साहेबांचं भाषण लागायचं, ते बघायचे एकटेच, आणि गप्प होत गेले. शेवटी शेवटी तर स्वतःच सांगायचे सगळ्यांना, शोभा, मी विचारायला पाहिजे होतं गं. अंथरुणावरसुद्धा तेच. चूक होती त्यांची, पण आपल्या तोंडानं कबूल करून गेले. सगळ्यांना नाही जमत ते."